किनखाबाचे आठ खण

आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाबद्दल ‘थकले’ म्हणतात. ‘अण्णा आता थकले’, ‘आत्या फारच थकली हो.’ शेतावरून, मिलमधून घरी आलेला माणूसही थकलेलाच असतो, पण त्याच्या थकण्याला रात्रीची झोप पुरते. म्हाताऱ्या माणसाचं थकणं मात्र आपण एकदा बोलून टाकतो आणि पुढे काही विचारत नाही. जणू ती बातमी होती आणि ती पोहोचली.

2018च्या सप्टेंबरात आई शांघायला माझ्याकडे आली ती अशी थकून आली. विमानतळावर एक मुलगा तिची व्हीलचेअर ढकलत बाहेर आला आणि मला आधी दिसलं ते तिचं घड्याळ. इतकी वर्षं मनगटावर घट्ट बसलेलं ते घड्याळ पार कोपराजवळ सरकून लोंबत होतं. मी वाकून तिला जवळ घेतलं, तर हाताला नुसती खांद्याची हाडं लागली.

बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. बाबांच्या पाठोपाठच्या उन्हाळ्यात सोलापूरच्या घरी न्हाणीघरात तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. हाड सहा आठवड्यांत जुळलं. पण त्यानंतर आई भिंतीला, टेबलाला, दाराच्या चौकटीला धरून चालू लागली. दादा-वहिनींनी तिला कशाचीही उणीव भासू दिली नाही. ताट हातात, पाणी हातात, औषधाची गोळी हातात. ती उठायला लागली की घरातून कुठून तरी आवाज यायचा, “आई, तुम्ही बसा.” नातवंडंही तेच शिकली होती. मी सुट्टीला गेले की मीसुद्धा, “बस की गं, मी आणते.” आयुष्यभर प्राथमिक शाळेत उभं राहून शिकवलेली बाई. तिला बसायला सांगण्यात आमची सगळी माया होती, आदर होता. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाला पहिला शब्द ‘बसा’ हाच असतो.

वैद्यकात या अवस्थेला ‘फ्रेल्टी’ म्हणतात. 2001 मध्ये लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या पाच खुणा ठरवून दिल्या: वर्षभरात न ठरवता साडेचार किलोच्या वर वजन उतरणं, सतत दमल्यासारखं वाटणं, हाताची पकड ढिली होणं, चालण्याचा वेग मंदावणं आणि एकूण हालचाल कमी होणं. पाचांपैकी तीन असल्या की माणूस फ्रेल, एक-दोन असल्या की त्या वाटेवर. आपल्या घरांतून या पाचही खुणांना शब्द आहेत. हडकली, गळून गेली, हातात जीव राहिला नाही, पाऊल उचलत नाही, एका जागी बसून असते. पण हे पाच शब्द आपण पाच वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या माणसांशी बोलतो. ते एका ओळीत मांडून कुणी पाहत नाही. मी मांडून पाहिले तेव्हा आईच्या नावावर चार होत्या.

आमची वसाहत शांघायमधल्या जुन्या वसाहतींसारखीच होती. सहा मजली इमारती, मधे अंगण, अंगणात निळी-पिवळी व्यायामाची यंत्रं आणि एक गुइहुआचं झाड. सप्टेंबर संपता संपता त्याला बारीक केशरी फुलं येतात आणि सगळ्या शहराला पिकल्या जर्दाळूचा वास सुटतो. त्या झाडाखाली सकाळी साडेसहाला आठ-नऊ म्हातारी माणसं जमत. एका लहानशा स्पीकरवर संथ संगीत लागे, त्यात एक धीरगंभीर पुरुषी आवाज सूचना देई आणि सगळे एका लयीत हात वर नेत. बारा मिनिटांत संपायचं. मग थर्मासमधलं गरम पाणी पीत, भाजीचे भाव बोलत सगळे पांगत. मी तीन वर्षं ते खिडकीतून पाहत होते आणि एकदाही खाली गेले नव्हते.

आईला वेळेच्या फरकामुळे झोप लागेना. पहाटेच उठून ती गॅलरीत बसू लागली. चौथ्या दिवशी म्हणाली, “खाली नेतेस का?” आम्ही लिफ्टने उतरलो आणि बाकावर बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी त्या गटाच्या पुढे उभ्या राहणाऱ्या बाई आपल्या घरातून एक लाकडी खुर्ची घेऊन आल्या. आईच्या समोर ठेवली, पण उलटी. खुर्चीची पाठ आईकडे. मी गोंधळले. बसायचं कसं? बाई हसल्या. ती बसायला नव्हतीच, धरून उभं राहायला होती.

सगळे त्यांना ‘लाओशी’ म्हणत, म्हणजे शिक्षक. आई त्यांना पहिल्या दिवसापासून ‘बाई’ म्हणू लागली, शाळेतल्यासारखं. लाओशी अडुसष्ट वर्षांच्या, आईहून आठ वर्षांनी लहान, म्हणून त्या आईला ‘दाजिए’ म्हणत, थोरली बहीण. तरुणपणी त्या कापडगिरणीत साच्यावर उभ्या होत्या. नव्वदच्या दशकात शांघायच्या गिरण्या एकामागून एक आवरत्या घेतल्या गेल्या, त्यात त्यांचीही गेली. मी हे आईला सांगितलं तेव्हा तिने लाओशींचा हात दोन्ही हातांत धरला. तिचे वडील सोलापुरात मिलमध्ये साळखात्यात जॉबर होते आणि भोंग्यावर तिचं सगळं बालपण गेलं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण आईने तोंडाने साच्याचा खटखट आवाज काढला आणि लाओशींनी लगेच हाताने धोटा फेकून दाखवला.

या व्यायामाचं नाव बादुआनजिन. बा म्हणजे आठ, दुआन म्हणजे तुकडा, आणि जिन म्हणजे वेलबुट्टीचं भारी रेशीम. मी आईला हे समजावत होते तर ती मधेच म्हणाली, “म्हणजे किनखाबाचे आठ खण.” इतका चपखल अनुवाद मला सुचला नसता. चोळीला लागणाऱ्या कापडाचा मापाने कापलेला तुकडा तो खण, आणि इथे अंगाच्या हालचालीचा मापाने कापलेला तुकडा तो दुआन. तेव्हापासून आमच्या घरी त्याला ‘खण’ हेच नाव पडलं. “आज पाच खण झाले,” ती दादाला फोनवर सांगायची आणि तिकडे दादाला वाटायचं, ही चीनमध्ये खरेदी करतेय.

पहिले आठ दिवस लाओशींनी तिला एकही खण शिकवला नाही. फक्त उभं केलं. पाय खांद्यांइतके लांब, गुडघे किंचित सैल, हात खुर्चीच्या पाठीवर. मग सांगितलं, अंगाचा भार हळूहळू उजव्या पायावर न्या. पूर्ण गेला? आता हळूहळू डाव्यावर. ताइजीछुआनमध्ये, म्हणजे आपण ज्याला ताई ची म्हणतो त्यात, यासाठी ‘शू’ आणि ‘शी’ असे दोन शब्द आहेत. रिता आणि भरलेला. भार नसलेला पाय रिता, भार असलेला पाय भरलेला. दोन्ही पायांवर सारखाच भार घेऊन चिकटून राहणं ही त्यांच्या लेखी मोठी चूक. आईला मी ते सांगितलं आणि ती म्हणाली, “कळशीतून कळशीत पाणी ओतायचं. कळलं.”

आता विचार केला की वाटतं, हीच त्या सगळ्याची गुरुकिल्ली होती. चालणं म्हणजे तरी काय? दर पावलाला क्षणभर एका पायावर उभं राहणं. आपल्या ते लक्षातही येत नाही. पण ज्याला पडायची भीती बसली आहे, तो तो क्षण टाळतो. दोन्ही पायांत भार ठेवून पाय फरफटत नेतो. पाय उचललाच जात नाही, म्हणून तो सतरंजीच्या कडेला, उंबऱ्याला अडतो, आणि ज्याची भीती तेच होतं. भीतीने हालचाल कमी होते, हालचाल कमी झाली की मांड्यांचं मांस झडतं, मांस झडलं की भीती वाढते. या चक्रात कुठून शिरायचं? लाओशी तिथे शिरल्या जिथे आई सगळ्यात जास्त घाबरत होती, त्या एका पायावरच्या क्षणात. पण तो क्षण त्यांनी इतका लांबवला, इतका संथ केला, की त्यात घाबरण्याजोगं काही उरलं नाही.

त्या संथपणाबद्दल माझा मोठा गैरसमज होता. मला वाटायचं, म्हाताऱ्यांना झेपावं म्हणून हे हळू करतात. मी स्वतः शेजारी उभी राहून करून पाहिलं तेव्हा दुसऱ्या मिनिटाला माझ्या मांड्या थरथरू लागल्या. भरकन हात-पाय हलवले की शरीर झोक्याच्या जोरावर पुढे जातं, स्नायूंना फारसं काही करावं लागत नाही. हळू केलं की झोका मिळत नाही. अर्धवट वाकलेल्या गुडघ्यावर प्रत्येक बोटभर अंतर स्नायूला स्वतः पेलावं लागतं. शिवाय घोट्यातून, तळव्यातून शरीर कुठे आहे याची जी बारीक खबर मेंदूकडे जात असते, ती वयाबरोबर मंद होते. हळू हललं की ती खबर ऐकू येते. लाओशींचे दोनच शब्द दिवसभर चालायचे. ‘मान मान लाई’, सावकाश येऊ दे. आणि ‘फांगसोंग’. फांगसोंगचा अर्थ सैल सोड, पण ढिलं पडू नको. हा भेद आईला मराठीत समजावताना माझी तारांबळ उडाली, तेव्हा लाओशींनी तिच्या साडीचा पदर चिमटीत धरून दाखवला. ओढलेला नाही, टाकलेलाही नाही. असा.

साडीचा एक प्रश्न होताच. तिला पंजाबी ड्रेस घालवेना आणि पायघोळ साडीत पाय अडकायची भीती. शेवटी निऱ्या वीतभर वर खोचून, आत लोकरी तुमान, पायात बूट आणि वरून माझं जाड जॅकेट असा वेष ठरला.

ऑक्टोबरात पहिला खण आला. दोन्ही हातांनी आकाश पेलायचं. बोटं एकमेकांत गुंफून तळवे वर फिरवत डोक्यावर न्यायचे. पारंपरिक नाव सांगतं की याने ‘सानजिआव’ सुधारतो. चिनी वैद्यकातली ही तीन चुलींची कल्पना, पोटापासून छातीपर्यंत ऊब आणि पाणी खेळवणारी. ती शरीरात कुठे दाखवता येते असं मला वाटत नाही. पण आकाश पेला म्हटल्यावर आईची वाकलेली पाठ ज्या तऱ्हेने सरळ झाली, ती ‘हात वर करा’ म्हटल्याने झाली नसती. शाळेत मुलांना कवायत शिकवलेल्या बाईला हे माझ्याआधी कळलं. “नाव नीट दिलं की अंग ऐकतं,” ती म्हणाली.

दुसऱ्या खणात घोड्यावर बसल्यासारखं किंचित वाकून डावीकडे-उजवीकडे धनुष्य ओढायचं, जणू गरुडावर नेम धरलाय. पुढच्या हाताचा अंगठा आणि तर्जनी ताठ उघडी हवी, चिनी आठ या अक्षरासारखी. मोडून जुळलेल्या मनगटाचा अंगठा काही केल्या उघडेना. ती खट्टू झाली. लाओशी म्हणाल्या, बाण लागला नाही तरी चालेल, नजर बोटाच्या टोकापलीकडे जाऊ दे. तिसऱ्यात एक हात वर, एक खाली. तो सोपा होता, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

चौथ्यापाशी मात्र मी थांबले, अजूनही थांबते. त्याचं नाव आहे ‘पाच श्रम आणि सात इजांसाठी मागे वळून पाहा’. हात बाजूला, तळवे बाहेर फिरवत हळूच मान वळवून खांद्यावरून मागे पाहायचं. आई मागे पाहायची सवयच विसरली होती. कुणी हाक मारली की लाकडाच्या ओंडक्यासारखी अख्खी वळायची, कारण नुसती मान वळवली की तोल जायचा. म्हणून तिला हा खण फार दिवस अवघड गेला. पण मला जे लागलं ते त्या नावातलं ‘पाच श्रम’. लाओशींना विचारलं तर त्यांनी बोटांवर मोजून दाखवले. दोन हजार वर्षांहून जुन्या ह्वांगदी नेइजिंग या वैद्यकग्रंथात ते आले आहेत. फार वेळ पाहिलं की रक्ताला इजा, फार वेळ पडून राहिलं की प्राणाला, फार वेळ बसलं की मांसाला, फार वेळ उभं राहिलं की हाडांना, फार वेळ चाललं की स्नायुबंधांना.

फार वेळ बसलं की मांसाला इजा. मी तिथेच बाकावर बसले. सोलापूरच्या घरात आम्ही सगळ्यांनी मिळून आईला किती काळ बसवून ठेवलं होतं!

गंमत अशी की बसण्याला श्रमात गणलं आहे. विश्रांतीत नव्हे. आणि त्याच ओळीत चालणंही आहे, उभं राहणंही आहे. म्हणजे उठून पळत सुटा असंही ते म्हणत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला वैद्य ह्वा तुओ याच्याबद्दल जुन्या इतिहासात नोंद आहे. त्याने आपल्या वू फू नावाच्या शिष्याला सांगितलं की माणसाच्या अंगाला हालचाल हवीच असते, फक्त ती टोकाला नेऊ नये. दाराचा खुंट सतत फिरतो म्हणून तो कुजत नाही. त्याने वाघ, हरीण, अस्वल, माकड आणि पक्षी अशा पाच प्राण्यांच्या हालचाली बसवल्या. तो शिष्य नव्वदी ओलांडून गेला, तेव्हा त्याचे कान-डोळे शाबूत होते आणि दातही जागेवर होते म्हणे.

त्याहूनही जुना पुरावा रेशमावरच सापडला आहे. हूनान प्रांतातल्या छांगशा शहराजवळ मावांगदुई इथे 1973-74 मध्ये एक कबर उघडली, इसवी सनापूर्वी 168 मध्ये बंद केलेली. तिच्यात एक फाटकं रेशमी चित्र निघालं. त्यावर चव्वेचाळीस माणसं व्यायाम करताना काढली आहेत. बायका आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत, म्हातारेही आहेत. कुणी वाकलंय, कुणी हात फाकवलेत, एकाच्या हातात काठी आहे. पुन्हा जुळवून काढलेलं ते चित्र मी आईला फोनवर मोठं करून दाखवलं. ती बराच वेळ त्या काठीवाल्या माणसाकडे पाहत राहिली.

बादुआनजिनचा उल्लेख बाराव्या शतकातल्या, सोंग काळातल्या लिखाणात मिळतो. आज चीनभर जे एकसारखं दिसतं, तेच संगीत, तोच आवाज, ते मात्र अगदी अलीकडचं. 1999 मध्ये सरकारने अशाच व्यायामांभोवती जमलेल्या फालुन गोंग या मोठ्या गटावर बंदी घातली, आणि पुढे 2003 मध्ये देशाच्या क्रीडा खात्याने चार जुने प्रकार ठरावीक रूपात बांधून प्रसिद्ध केले. बादुआनजिन त्यांपैकी एक. हे सगळं बोधिधर्माने भारतातून नेलं असे निरोप आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. ती कथा यीजिनजिंग नावाच्या दुसऱ्याच एका व्यायामाच्या ग्रंथाशी जोडलेली आहे आणि तो ग्रंथ सतराव्या शतकातला मानतात. माझ्या मते दुसऱ्याच्या घरच्या लुगड्यावर आपली किनार शोधत बसू नये. लुगडं सुंदर आहे, तेवढं पुरे.

भारताशी खरी गाठ पडली ती निराळ्याच ठिकाणी. गटात एक ऐंशीच्या पुढचे आजोबा होते. आई भारतातली हे त्यांना ठाऊक होतं, पण गावाचं नाव त्यांनी बऱ्याच दिवसांनी विचारलं. मी सोलापूर म्हटल्यावर त्यांना काही बोध होईना. मग मी म्हटलं, “के दिह्वांचं गाव.” आजोबा ताठ उभे राहिले. के दिह्वा म्हणजे आपले डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस. 1938 मध्ये चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. आई त्याच वर्षी सोलापुरात जन्मली. आजोबांनी गटातल्या प्रत्येकाला ते सांगितलं. त्या दिवसापासून आईची खुर्ची न्यायला-आणायला मला कधी हात लावावा लागला नाही.

पाचवा खण, डोकं हलवत कंबर फिरवायचा, लाओशींनी तिला शिकवलाच नाही. गुडघ्यांवर फार भार येतो आणि चक्कर येणाऱ्या माणसाने तो करू नये. सहाव्यात कमरेतून वाकून पाय धरायचे असतात. तिची हाडं ठिसूळ झाल्याचं मी सांगितल्यावर तोही वगळला. ठिसूळ मणक्यांना पुढे वाकणं धोक्याचं. सातव्यात मुठी आवळून डोळे वटारायचे. तो आईला विलक्षण आवडला. शेवटच्यात टाचा उचलून सात वेळा हलकेच खाली टेकवायच्या, म्हणजे शंभर आजार पळतात अशी समजूत. तिच्या टाचा जेमतेम बोटभर उचलल्या जात. लाओशी म्हणायच्या, टाच आपटायची नाही, बाळाला खाली ठेवतो तशी ठेवायची. मला वाटतं, घरी म्हाताऱ्या माणसाला हे शिकवायचं असेल तर आधी काय वगळायचं ते त्यांच्या डॉक्टरांना विचारावं, आणि आठाचे सहा झाले तर वाईट वाटून घेऊ नये.

अडीच महिने असे छान गेले आणि डिसेंबरात आईला ताप आला. साधा सर्दीचा ताप, पण बारा दिवस ती अंथरुणावर होती. तेराव्या दिवशी तिला उभं केलं तर पाय पुन्हा सप्टेंबरातले. शांघायमध्ये घरं तापवायची सार्वजनिक सोय नाही, थंडी ओली, हाडांत शिरणारी. मी आशा सोडली. नंतर वाचलं, 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारा निरोगी ज्येष्ठांना दहा दिवस अंथरुणावर ठेवलं होतं, तर नुसत्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस कमी झालं. तेही धडधाकट माणसांचं. आईजवळ आधीच किती शिल्लक होतं?

लाओशी घरी आल्या. सोबत सोयाबीनचं गरम दूध आणि तीच खुर्ची. या वेळी त्यांनी ती सरळ ठेवली आणि आईला तिच्यावर बसवलं. बादुआनजिनचा बसून करायचा प्रकारही जुनाच आहे. बसून आकाश पेललं, बसून धनुष्य ओढलं. मग खुर्चीवरून उठून उभं राहायचं आणि पुन्हा सावकाश बसायचं, एवढंच पाच वेळा. बसताना धप्पकन नाही. अर्ध्यावर थांबून, मग खाली. खाण्याकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. आई शाकाहारी, म्हणून तोफू, डाळ, दूध यांचा त्यांनी माझ्यामागे लकडा लावला. रिकाम्या पोटी नुसता व्यायाम म्हणजे विणायला सूत न देता साचा चालवणं, असं म्हणाल्या. गिरणीतल्या बाईची उपमा होती ती. जानेवारीत आई पुन्हा गुइहुआच्या झाडाखाली उभी होती.

या काळात मी रात्री जागून शोधनिबंध वाचत होते. मला खात्री हवी होती. अटलांटामध्ये सत्तरीच्या पुढच्या दोनशे माणसांवर झालेल्या, 1996 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पंधरा आठवड्यांच्या ताई चीने पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका 47.5 टक्क्यांनी घटला. ऑरेगनमध्ये पडण्याचा धोका जास्त असलेल्या 670 ज्येष्ठांवरचा अभ्यास आई इथे येण्याच्याच महिन्यात प्रसिद्ध झाला होता. तिथे ताई चीच्या आठ हालचालींतून बसवलेला कार्यक्रम सहा महिने चालला आणि नुसते ताण देणारे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्या गटातलं पडणं 58 टक्क्यांनी कमी राहिलं. हे वाचून मी हरखले.

पण त्याच अटलांटाच्या संशोधकांनी आईसारख्यांवर, फ्रेल होत चाललेल्या 311 माणसांवर, अठ्ठेचाळीस आठवडे केलेला प्रयोग 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. ताई ची गटातली 47.6 टक्के माणसं निदान एकदा पडली, दुसऱ्या गटातली 60.3 टक्के. फरक दिसतो, पण संख्याशास्त्राच्या कसोटीवर तो पक्का ठरला नाही. म्हणजे जे फार थकले नाहीत त्यांना फायदा स्पष्ट, जे थकले आहेत त्यांना धूसर. आणि बादुआनजिनवरचे अभ्यास बहुतेक लहान. मी ते पान बराच वेळ उघडं ठेवून बसले. मग मला वाटलं, त्या प्रयोगात पडलेल्या निम्म्या माणसांनाही वर्षभर कुणी तरी आठवड्यातून दोनदा उभं केलं होतं, त्यांच्याशी बोललं होतं. लाओशींना यातलं मी काही सांगितलं नाही. त्यांनी कधी आईला पडणार नाहीस असं वचन दिलंच नव्हतं.

एका रविवारी आम्ही टॅक्सीने फुशिंग पार्कला गेलो. फ्रेंचांनी 1909 मध्ये उघडलेली ही बाग. उंच प्लेनवृक्षांच्या खाली सगळं शहर व्यायाम करत होतं. कुणी जोडीने नाचत होतं, कुणी मोठ्या कुंचल्याने फरशीवर पाण्याची अक्षरं काढत होतं, आणि मार्क्स-एंगल्सच्या पुतळ्याजवळ पंधरा-वीस जण 1956 मध्ये बसवलेल्या त्या चोवीस हालचालींच्या ताई चीत गुंगले होते. आई एका बाकाच्या पाठीला धरून उभी राहिली. शेजारच्या एका बाईंनी बाकावरची पिशवी उचलून तिला बसायला जागा करून दिली. आईने मान हलवून नको म्हटलं. पाण्याने लिहिलेली अक्षरं वाळेपर्यंत ती उभीच होती.

चिनी नववर्ष 5 फेब्रुवारीला झालं आणि त्यानंतर आठवड्याने आई परत गेली. जाताना विमानतळावर तिने व्हीलचेअर घेतली. अंतर खरंच फार होतं. वजन दीड किलोने वाढलं होतं. घड्याळ अजूनही सैलच होतं, पण कोपरापर्यंत जात नव्हतं. लाओशींनी ती खुर्ची सोबत न्या म्हणून आग्रह धरला. ती नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी तिच्या पाठीवर टाकलेला निळा रुमाल काढून दिला.

पुढच्या दिवाळीत मी सोलापूरला गेले. सकाळी स्वयंपाकघरात वहिनी पोळ्या लाटत होती. आई ओट्याच्या कडेला दोन्ही हात टेकून दुधाकडे पाहत उभी होती. तिच्या टाचा हळूच वर गेल्या आणि खाली आल्या. मग भार एका बाजूला कलू लागला, इतक्या सावकाश की नुसतं पाहणाऱ्याला कळू नये.

वहिनी म्हणाली, “आई, बसा की. दूध मी बघते.”

“थांब गं,” आई म्हणाली. “डावा पाय अजून रिता व्हायचाय.”